रात्री दोनचा बॅकअप सकाळी साडेसातला कसा? मनोरीच्या भरतीवरून समजून घ्या ‘क्रॉन’

मार्वे जेट्टीवरून फेरीबोटीने मनोरीला जायला मोजकी मिनिटं लागतात. बोट चुकवली तर रस्त्याने भाईंदर-उत्तनचा लांबलचक वळसा. त्यामुळे इथल्या माणसाची नजर मोबाइलच्या घड्याळावर असतेच. पण मासेमारीची होडी खाडीबाहेर काढायची असेल, तर ते घड्याळ पुरत नाही. पाणी कधी चढतंय, हेही बघावं लागतं.

कॉम्प्युटरला ठरलेल्या वेळी कामाला लावणाऱ्या ‘क्रॉन’कडे मात्र यातलं फक्त पहिलं घड्याळ आहे. त्याचे फायदे आणि घोळ, दोन्ही त्यातूनच येतात.

हे क्रॉन नेमकं करतं काय?

सर्व्हरच्या पोटात सतत चालू असलेला हा छोटासा प्रोग्राम. दर मिनिटाला तो जागा होतो, कामांची यादी बघतो, त्या मिनिटाचं काम असेल तर ते सुरू करतो आणि पुन्हा झोपतो. बेल लॅब्जच्या युनिक्सच्या १९७९ मधल्या सातव्या आवृत्तीत तो होता. १९८७ मध्ये पॉल विक्सी यांनी त्याची सुधारित आवृत्ती लिहिली आणि पुढे ती लिनक्सच्या जगात सर्वदूर पोहोचली.

समजा, मनोरीतल्या एका होमस्टेवाल्याला बुकिंगच्या नोंदींचा बॅकअप रोज रात्री दोनला हवा आहे. कमांड लाइनवर ‘क्रॉनटॅब -ई’ टाइप केलं की यादी उघडते. त्यात ‘० २ * * *’ लिहून पुढे बॅकअपची कमांड द्यायची. पाच खाणी अनुक्रमे मिनिट, तास, तारीख, महिना आणि वार यांची. चांदणी म्हणजे ‘कोणताही चालेल’. बस्स, एवढंच.

एक सावधगिरी. ‘-ई’ने यादी उघडते आणि ‘-आर’ने ती अख्खी पुसली जाते, तीही सहसा न विचारता. कीबोर्डवर ही दोन्ही अक्षरं शेजारी-शेजारी आहेत! ज्याने कोणी ही रचना केली, त्याला नमस्कार. म्हणून आधी ‘क्रॉनटॅब -एल’ने यादी पाहून तिची प्रत वेगळ्या फाइलमध्ये ठेवलेली बरी.

मग दोनचे साडेसात कसे झाले?

क्लाउडवर भाड्याने घेतलेल्या सर्व्हरचं घड्याळ बहुतेकदा यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर लावलेलं असतं. भारत त्याच्या साडेपाच तास पुढे. सर्व्हरच्या रात्री दोनला मनोरीत सकाळचे साडेसात वाजतात. शनिवारी सकाळी पाहुणे निघण्याच्या बेतात असताना बुकिंगचं पान अडखळत उघडतं, कारण मागे बॅकअप सुरू असतो. आपल्याकडचे रात्रीचे दोन हवे असतील तर ‘३० २० * * *’ लिहावं लागेल. इथे वारही बदलतो. आपला सोमवार पहाटेचा बॅकअप सर्व्हरच्या लेखी रविवारी रात्रीचा असतो. सोपा उपाय म्हणजे सर्व्हरची वेळ आधी तपासून ती भारतीय करून घेणं.

मुंबईला दोन वेळांचा गोंधळ तसा नवा नाही. भारतीय प्रमाणवेळ १९०६ मध्ये आली, तरी तिच्यापेक्षा ३९ मिनिटं मागे असलेला ‘बॉम्बे टाइम’ शहरात १९५५ पर्यंत टिकून होता.

काम झालं नाही, हे कळणार कसं?

खरा धोका इथे आहे. क्रॉन काम सुरू करतं. ते नीट पार पडलं की नाही, याची काळजी ते करत नाही. गिटलॅब या कंपनीला ३१ जानेवारी २०१७ रोजी याचा झटका बसला. एका इंजिनीअरच्या हातून चुकून मुख्य डेटाबेसच पुसला गेला. बॅकअप शोधायला गेले, तर रोजचा बॅकअप होतच नव्हता! डेटाबेस नव्या आवृत्तीचा आणि बॅकअप घेणारं टूल जुन्या आवृत्तीचं, त्यामुळे काम दरवेळी फसत होतं. क्रॉन तसे ई-मेलही पाठवत होतं, पण पलीकडचा मेल सर्व्हर ते नाकारत होता. योगायोगाने सहा तासांपूर्वी हाताने घेतलेली एक प्रत सापडली म्हणून कंपनी वाचली. त्या सहा तासांतला डेटा मात्र गेला. कंपनीने हे सगळं स्वतःहून जाहीर केलं, हे विशेष.

त्यामुळे जाणकार उलटा गजर लावतात. काम फसल्याचा निरोप येण्याची वाट पाहायची नाही. काम झाल्याचा निरोप रोज यायला हवा, आणि तो आला नाही की गजर वाजला पाहिजे. सोबत कामाचा सगळा तपशील एका लॉग फाइलमध्ये लिहून ठेवायचा. आणि अधूनमधून तो बॅकअप उघडूनही बघायचा.

भरतीचं काय?

आता याच होमस्टेवाल्याला पाहुण्यांना भरतीच्या तासभर आधी मेसेज पाठवायचा आहे. इथे क्रॉनची पाच खाणी हात टेकतात. मुंबईत दिवसातून साधारण दोनदा भरती येते आणि तिची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. किनाऱ्यावरचे जुने लोक तिथीला पाऊणने गुणून ही वेळ काढतात. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, म्हणजे भरती तीनच्या सुमारास. हिशेब ढोबळ आहे, पण अमावस्या-पौर्णिमेचा त्याला विचार आहे. क्रॉनला तो नाही.

यावर जोडीला येते ‘ॲट’ ही कमांड. क्रॉन तेच काम पुन्हा पुन्हा करतं, तर ॲट दिलेल्या वेळी एकदाच. म्हणून क्रॉनला रोज पहाटे एकच काम द्यायचं: भरतीच्या छापील वेळापत्रकावरून केलेल्या फाइलमधली आजची ओळ वाच आणि त्या वेळेसाठी ॲटचं काम लाव. पावसाळ्याआधी महापालिका साडेचार मीटरहून उंच भरतीचे दिवस जाहीर करते. तेही त्याच फाइलमध्ये टाकले, तर त्या दिवशी जास्त कडक शब्दांतला मेसेज जाऊ शकतो. लावलेली कामं ‘ॲटक्यू’ने दिसतात आणि नको असलेलं काम ‘ॲटआरएम’ने काढता येतं.

फक्त ॲटही सर्व्हरच्याच घड्याळाने चालतं. दुपारी सव्वादोनचा मेसेज हवा असेल आणि सर्व्हर यूटीसीवर असेल, तर वेळ पावणेनऊची द्यावी लागेल.