मोठा ट्रॅक्टर सोडून आम्ही मिनी का घेतला

आमच्या गटानं भाड्यानं चालवायला ट्रॅक्टर घ्यायचं ठरवलं, तेव्हा गावात ज्यानं त्यानं सांगितलं, ‘‘घेता तर 45 एचपीचा, तीन सिलिंडरचाच घ्या. ट्रॉलीही ओढेल.’’ आम्ही 18 एचपीचा, एका सिलिंडरचा मिनी घेतला.

आमची रानं एक-दीड एकराची, बांधाबांधांनी तुटलेली. मोठा ट्रॅक्टर वळायलाच किती जागा खातो! मिनीची रुंदी तीन फुटांच्या आसपास. चार फुटी सरीच्या कपाशीत, पीक लहान आहे तोवर, तो कोळपायला आरामात शिरतो. आणि खरं भाडं तिथंच आहे. नांगरट वर्षातून एकदा, कोळपणी दोन-तीनदा. मोठ्याचा हप्ता मात्र काम असो-नसो, भरायचाच. खोल नांगरट लागलीच तर त्या दिवसापुरता मोठा भाड्यानं आणतो.

वजनाचंही बघा. मोठा दोन टनांच्या घरात, मिनी टनाच्या आत. ओल्या काळ्या रानात जड चाकाखाली माती दबते.

दुकानात एक विचाराच: पीटीओला एचपी किती? कागदावरचा आकडा इंजिनाचा असतो. रोटाव्हेटर फिरवायला त्याहून कमी ताकद पोचते. मिनीला तीन फुटी रोटाव्हेटर ठीक. पाच फुटी जोडाल तर इंजिन दबेल, डिझेल जाईल.

अनुसूचित जाती, नवबौद्ध गटांसाठी समाजकल्याणची अनुदान योजना आहे. ती 9 ते 18 एचपीच्या मिनीसाठी आहे. खरेदीआधी जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात चौकशी करा.