बॅटरी नको, टाकी हवी
दिंडोरीत द्राक्षबागायतदारांचा पहिला प्रश्न ठरलेला: ‘सौरपंपाची बॅटरी कुठंय?’ नसतेच! पॅनलची वीज थेट कंट्रोलरमध्ये जाते. ऊन चढेल तसा तो मोटरचा वेग वाढवतो, ढग आला की उतरवतो. साठवायचं ते पाणी, वीज नव्हे. दिवसा उंचावरच्या टाकीत उपसून ठेवा, संध्याकाळी उताराने बागेला सोडा.

‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत शेतकऱ्याचा हिस्सा १० टक्के, अनुसूचित जाती-जमातींना ५. अडीच एकरांपर्यंत ३ एचपी, पाचपर्यंत ५, त्यापुढे ७.५.

पॅनलचं तोंड दक्षिणेला, कल साधारण २० अंश. आणि हो, फवारणीचं औषध काचेवर उडतंच. ते सकाळी गारव्यात धुवा. तापल्या काचेवर गार पाणी मारू नका.