हुरडा गोड लागला का?

जानेवारीतला शनिवार. वालूरच्या शिवारात सकाळी नऊच्या सुमारास आगटीभोवती पाच जण बसले होते. सगळे पन्नाशी ओलांडलेले, सेलूच्या शाळेत एकमेकांच्या मागेपुढे बसलेले. एक पुण्याहून रात्रीच्या गाडीने आलेला, एक संभाजीनगरचा, दोघे परभणीचे आणि एक सेलूतच राहिलेला. शेत या सेलूवाल्याच्या चुलतभावाचे. गोवऱ्यांच्या इंगळात खोचलेली कणसे तडतडत होती. चुलतभाऊ भाजलेले कणीस तळहातांवर चोळायचा, फुंकर मारून कोंडा उडवायचा आणि वाफाळते हिरवे दाणे पुढ्यात टाकायचा. सोबत तिळाची चटणी, शेंगदाण्याची लसूण घातलेली चटणी, गूळ, दही आणि रानातली बोरे. चौघांचे हात थांबत नव्हते. पाचव्याने पिशवीतून स्टीलचा डबा काढला. त्यात बिनतेलाचा दलिया होता.

"घे की लेका, दोन दाणे खाल्ल्यानं काय होतंय?"

"नको रे. पथ्याचं नाही तेवढं. मला कशाचीच चव लागत नाही हल्ली."

हे वाक्य त्या सकाळच्या गप्पांत वाहून गेले. खरे तर त्या दोन दिवसांतले वैद्यकीयदृष्ट्या सर्वांत महत्त्वाचे वाक्य तेच होते.

हा पाचवा मित्र परभणीतला कनिष्ठ महाविद्यालयातला शिक्षक. मागच्या मे महिन्यात त्याला हृदयविकाराचा झटका आला. वेळेत अँजिओप्लास्टी झाली, स्टेंट बसला. सहा महिन्यांनंतरच्या टूडी इकोमध्ये हृदयाचे पंपिंग चांगले होते. साखर, रक्तदाब आटोक्यात. गोळ्या वेळेवर. कागदावर बघितले तर माणूस बरा झालेला. पण संध्याकाळी चौकात मित्रांबरोबर उभे राहणे त्याने सोडले होते. वर्षानुवर्षे जपलेली जुन्या गाण्यांची कॅसेट-सीडी कपाटात बंद होती. नातवाला फिरवून आणतानाही नजर मनगटावरच्या घड्याळात, नाडी किती झाली यावर. घरचे कौतुकाने सांगायचे, "पथ्य फार कडक पाळतात हो!"

सहलही आनंदाच्या भरात ठरलेली नव्हती. मुळात हे सहा होते. सहावा दिवाळीनंतर गेला. त्याच्या अंत्यविधीवरून परतताना गाडीत कोणीतरी हिशेब मांडला. गेल्या दहा वर्षांत सगळे मिळून सहा वेळा भेटले होते. चार वेळा मयतीला, दोनदा लग्नात. लग्नातही जेवणाच्या रांगेत. तेव्हा सेलूवाला म्हणाला, "जानेवारीत हुरड्याला या. पुढच्या वेळी कुणाच्या दहाव्याला भेटायचं नाही."

झटक्यानंतर मन खचणे ही किरकोळ बाब समजली जाते. 'एवढं मोठं दुखणं झालं, थोडं गप्प राहणारच' असे आपण म्हणतो. पण हृदयविकाराच्या झटक्यातून वाचलेल्या साधारण पाचांपैकी एकाला उपचार लागतील इतके नैराश्य येते. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१४ मध्ये तज्ज्ञांचा अहवाल प्रसिद्ध करून सांगितले की अशा रुग्णांत नैराश्य हा पुढचा धोका वाढवणारा घटक मानावा. म्हणजे धूम्रपान आणि मधुमेहाच्या पंक्तीत त्याला बसवले. कारणे दोन्हीकडून लागू पडतात. खचलेला माणूस चालायला जात नाही, गोळ्या चुकवतो, झोपत नाही. शिवाय ताणाची संप्रेरके आणि शरीरातला दाह वाढलेला राहतो, रक्तातील बिंबाणू लवकर चिकटतात. आमच्याकडे नैराश्य म्हटले की रडणारा माणूस डोळ्यांपुढे येतो. पुरुष रडत नाहीत. ते डबा घेऊन बाजूला बसतात.

नैराश्याची चाळणी करण्यासाठी जगभरचे डॉक्टर दोन प्रश्न विचारतात. गेल्या दोन आठवड्यांत उदास, निराश वाटते का, हा त्यातला दुसरा. पहिला असा : कामांत, गोष्टींत रस किंवा आनंद वाटेनासा झाला आहे का? म्हणजे आनंद घेता येतो की नाही, हे वैद्यकशास्त्र ताप मोजावा तसे मोजते. ओपीडीच्या गर्दीत हा प्रश्न राहून जातो, हेही खरे. छातीत दुखते का, धाप लागते का, पाय सुजतात का, एवढ्यात पुढचा रुग्ण दारात उभा असतो. शेतात मात्र कोणी न विचारता उत्तर मिळाले होते.

आता थोडे हुरड्याविषयी. रब्बी ज्वारीचा दाणा आधी दुधाळ असतो, मग चिकावर येतो. या चिकाच्या अवस्थेत दाण्यात साखरेचे प्रमाण जास्त असते; पुढे तीच साखर पिष्टात बदलते आणि दाणा टणक, पांढरा होतो. एका रानात हुरडा जेमतेम आठ-दहा दिवस चालतो. गुळभेंडीसारख्या वाणाचे दाणे कणसातून सहज सुटतात म्हणून हुरड्यासाठी मुद्दाम त्याची चार तासे पेरणारे शेतकरी आजही आहेत. भाकरीसाठी मात्र परभणीच्या कृषी विद्यापीठाने दिलेली 'परभणी मोती' या भागात घरोघर माहीत आहे. गंमत म्हणजे याच ज्वारीचे कोवळे पोंगे जनावरांनी खाल्ले तर पोटात सायनाइड तयार होऊन ती दगावतात. दाण्यात तो धोका नाही.

हुरडा गोड लागतो त्याला साखरेइतकेच त्याचे थोडक्यात संपणेही कारणीभूत आहे. २०१३ मध्ये क्वाडबाख आणि डन या मानसशास्त्रज्ञांनी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. काही जणांना चॉकलेट खायला दिले आणि पुन्हा आठवड्याने बोलावले. मधल्या काळात एका गटाने चॉकलेट पूर्ण वर्ज्य केले, दुसऱ्याने हवे तेवढे खाल्ले. आठवड्याने दिलेला तुकडा वर्ज्य करणाऱ्यांना अधिक चवदार लागला. त्याहून जुना, १९७८चा, ब्रिकमन आणि सहकाऱ्यांचा अभ्यास लॉटरी जिंकलेल्या २२ जणांचा आहे. मित्राशी गप्पा, सकाळची न्याहारी, एखादा विनोद अशा रोजच्या गोष्टींतून किती सुख मिळते, असे त्यांना विचारले. लॉटरी न लागलेल्या लोकांपेक्षा त्यांना ते कमी मिळत होते. अभ्यास फार लहान आहे, त्यावर मोठा इमला बांधू नये. पण बारमाही हुरडा पार्टीच्या जाहिराती पाहिल्या की तो आठवतो.

आणखी एक गोष्ट आगटीपाशी दिसते. हुरडा चोळणारा वेगळा आणि खाणारा वेगळा. एकट्याने हुरडा खाता येतो, पण कोणी खात नाही.

दुपारी मंडळी गावातली बारव पाहायला गेली. वालूरच्या या बारवेच्या पायऱ्या चक्राकार फिरत पाण्यापर्यंत उतरतात. ती गाळाने आणि झुडपांनी बुजली होती. गावकऱ्यांनी राबून गाळ उपसला, पायऱ्या मोकळ्या केल्या. पुढे टपाल खात्याने महाराष्ट्रातल्या निवडक बारवांची चित्रकार्डे काढली, त्यांत वालूरची बारवही आहे. शिक्षकमित्र काठावरच थांबला. "उतरेन, पण वर कसा येऊ?"

ही भीती त्याच्या एकट्याची नाही. झटका येऊन गेलेले बरेच जण वर्षभर जिना टाळतात. खरे तर अँजिओप्लास्टीला सहा महिने झाले आहेत, पंपिंग चांगले आहे, सपाटीवर अर्धा तास चालताना त्रास होत नाही, अशा रुग्णाला डॉक्टर जिना चढायला सांगतात. दोन मजले न थांबता, छातीत न दुखता चढता आले तर हृदयाची ताकद बरी आहे, असा दवाखान्यातला जुना ठोकताळा आहे. वेग किती ठेवावा, यासाठी घड्याळ लागत नाही : चढताना पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. शब्द तुटू लागले की थांबायचे. छाती दाबल्यासारखी वाटली, घाम फुटला, डावा हात किंवा जबडा दुखू लागला तर बसायचे आणि रुग्णालय गाठायचे. त्यात दुमत नाही. गुडघे दुखणाऱ्यांनी मात्र लक्षात ठेवावे, त्यांना चढण्यापेक्षा उतरणे जास्त त्रास देते.

पुणेवाल्याने त्याचा हात धरला नाही. फक्त शेजारून उतरला आणि वर येताना शाळेतल्या गणिताच्या सरांची नक्कल सुरू केली. शिक्षकमित्र नकलेतल्या चुका सुधारत सुधारत वर आला. मध्ये दोनदा थांबला. वर आल्यावर घड्याळ पाहिले नाही.

रात्री मुक्काम आखाड्यावर. परभणीची थंडी चेष्टेची नाही. डिसेंबर २०१८च्या अखेरीस इथल्या कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेत पारा २ अंशांपर्यंत उतरला होता. थंडीत त्वचेच्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो, हृदयावरचा भार वाढतो. हृदयविकाराचे झटके हिवाळ्यात आणि त्यातही सकाळच्या प्रहरी जास्त येतात, ते यामुळेही. म्हणून अशा सहलीत पहाटे पाचला उठून फिरण्याचा उत्साह हृदयरुग्णाने दाखवू नये. कानटोपी, मफलर, पायांत मोजे आणि ऊन पडल्यावर फिरणे. दम्याच्या रुग्णाने आगटीच्या धुराच्या उलट बाजूला बसावे. मधुमेह असणाऱ्याने दोन मुठी हुरडा चटणी-दह्याबरोबर खावा, गूळ आणि उसाचा रस सोडावा; हुरडाही शेवटी पिष्ट आणि साखरच आहे. आणि रानावर शेवटची फवारणी कधी झाली, हे शेतकऱ्याला विचारायला लाजू नये.

संभाजीनगरवाल्याने पिशवीत बाटली आणली होती. 'थंडीत औषध' हा समज चुकीचा आहे. दारूने कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, ऊब वाटते, पण शरीराच्या आतली उष्णता बाहेर निघून जाते. हुरडा पार्ट्यांचा खरा धोका मात्र परतीच्या रस्त्यावर असतो. या दिवसांत उसाच्या ट्रॉल्या अंधारात, मागे दिवा किंवा रिफ्लेक्टर नसताना चाललेल्या असतात. धुके, दोन पेग आणि अशी ट्रॉली एकत्र आली की काय होते, ते अपघात विभागात दर हिवाळ्यात दिसते. मुक्काम असल्याने तो प्रश्न नव्हता. बाटली तरी बंदच राहिली. कारण सहाव्या मित्राचा विषय निघाला, आणि त्याच्या आठवणी इतक्या वात्रट होत्या की अकरापर्यंत कोणाला दुसरे काही सुचले नाही.

रॉबिन डनबार या शास्त्रज्ञाने २०११ मध्ये हसण्यावर प्रयोग केले. विनोदी चित्रफिती पाहून खळखळून हसलेल्या लोकांना नंतर वेदना जास्त सहन झाल्या. रक्तदाब मोजायचा पट्टा दंडावर आवळत नेऊन हे तपासले होते. मेंदूतली एंडॉर्फिन्स त्यामागे असावीत, असा त्यांचा तर्क. आयुष्यमानाचे पुरावे याहून मोठे आहेत. २०१० मध्ये १४८ अभ्यास आणि ३ लाखांहून अधिक लोकांची माहिती एकत्र करून पाहिली गेली, तेव्हा ज्यांचे नातेसंबंध भक्कम होते त्यांची त्या अभ्यासकाळात जिवंत राहण्याची शक्यता इतरांपेक्षा ५० टक्के अधिक निघाली. यात आजारी माणूसच आधी लोकांपासून तुटतो, हाही भाग असणार. तरीही आकडा दुर्लक्ष करण्याजोगा नाही.

दोन दिवसांच्या सहलीने नैराश्य जात नाही. तसे सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नये. रविवारी सकाळी परभणीवाल्या दुसऱ्या मित्राने, जो औषधविक्रेता आहे, शिक्षकमित्राला बाजूला घेऊन विचारले, "चव लागत नाही म्हणालास, कधीपासून?" उत्तर यायला वेळ लागला. "पावसाळ्यापासून. गोळ्यांमुळं असंल, म्हणून बंद करायचा विचार करायलोय." स्टेंट बसवलेल्याने रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या परस्पर बंद करणे जिवावर बेतू शकते. तेवढी एक गोष्ट त्या बोलण्याने टळली. आठवडाभरात दोघे मिळून मनोविकारतज्ज्ञांकडे गेले. ही सोय जिल्हा रुग्णालयातही असते आणि 'टेली मानस'च्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते. हृदयरुग्णांना सुरक्षित अशी औषधे आहेत, समुपदेशन आहे. या उपचारांनी आयुष्य वाढते, असे अजून ठामपणे सिद्ध झालेले नाही. मन हलके होते, झोप लागते, जेवण गोड लागते, हे मात्र सिद्ध झाले आहे.

रविवारी निघण्याआधी पुन्हा आगटी पेटली होती. शिक्षकमित्राचा डबा पिशवीतच होता. चुलतभावाने त्याच्या तळहातावर मूठभर दाणे ठेवले. त्याने चार तोंडात टाकले, बराच वेळ चावले.

"काय, गोड लागला का?"

"काल कसा होता ते माहीत नाही. आज बरा हाय."

"मग पुढच्या खेपेला लवकर या दादा. आठ दिवसांत ह्या रानातली ज्वारी निब्बर होती. हरभऱ्याचे ढाळे तेवढे ऱ्हातील."

"ढाळे किती दिवस राहतील?" त्याने विचारले, आणि खिशातून मोबाइल काढून तारखा बघू लागला.