दाढ काढण्याआधी

खालच्या मागच्या दाढेत ठणका, कानाला दडे बसल्यासारखं, सकाळी उठल्यावर कानशील जड आणि जांभई देताना कानापुढे 'कट्' असा आवाज. एवढं घेऊन माणूस आधी केमिस्टकडे जातो, मग दातांच्या डॉक्टरकडे, मग कान-नाक-घशाच्या. दाढ किडलेली नसते, कान स्वच्छ असतो. तरी कुठे रूट कॅनल होतं, कुठे दाढच काढली जाते आणि काही दिवसांनी ठणका शेजारच्या दाढेत सुरू होतो. दात, जबड्याचा सांधा आणि चावण्याचे स्नायू या सगळ्यांच्या वेदना एकाच ट्रायजेमिनल नसेतून मेंदूत जातात, तिथे त्यांची सरमिसळ होते आणि स्नायूचं दुखणं दाढेच्या नावावर जमा होतं. दाढ बधिर करूनही ठणका थांबला नाही, तर मूळ दाढेत नाही असं समजायला हरकत नाही. गालावर बोटं ठेवून दात घट्ट आवळले की जो फुगवटा हाताला लागतो, तो मॅसेटर स्नायू. त्यावर दाब दिल्यावर रोजचंच दुखणं जागं झालं, तर दाढेला हात लावण्याआधी थांबावं. काढलेली दाढ परत बसवता येत नाही.

यावर नेहमीचा आक्षेप असा, की दोष दातांच्या बैठकीचा आहे, ती घासून सारखी केली की जबडा ठीक होईल. हा विचार जुना आहे. सेंट लुइसचे कान-नाक-घशाचे डॉक्टर जेम्स कॉस्टन यांनी 1934 मध्ये मागचे दात गेल्याने जबडा सरकतो आणि नसांवर दाब येतो, असं मांडलं होतं. शरीररचनेच्या अभ्यासात ते टिकलं नाही. दातांची बैठक अशी घासून सारखी केल्याने हे दुखणं बरं होतं किंवा टळतं याचा पुरावा 2003 च्या कॉक्रेन आढाव्यालाही मिळाला नाही. मग काहींना बरं वाटतं ते कसं? हे दुखणं मुळातच कमीजास्त होत राहतं आणि बरेचदा आपोआप ओसरतं, त्याचं श्रेय शेवटच्या उपचाराला मिळतं. दुसरा आक्षेप याच्या उलट टोकाचा: एक्स-रे स्वच्छ, म्हणजे सगळं मनाचं. हेही खरं नाही. ताण मनाचा असला तरी आवळला जातो तो स्नायू. लालबागच्या कारखान्यात गणपतीच्या डोळ्यांची आखणी करताना किंवा परळच्या ऑफिसात स्क्रीनवर डोळे लावून बसताना दात नकळत एकमेकांवर दाबले जाऊ शकतात. खरं तर एरवी ओठ मिटलेले आणि दात सुटे असायला हवेत. ही सवय मोडणं, गरम शेक, काही दिवस चकली-कडक भाकरीऐवजी मऊ भात, सोपे व्यायाम, गरज वाटल्यास रात्री दातांवर बसवायची प्लेट एवढ्यावर बहुतेकांचं भागतं. नुसता आवाज येत असेल आणि दुखत नसेल, तर उपचारांचीही गरज नसते.

पण आपल्याकडे सुपारी आहे, म्हणून विषय इथे संपत नाही. उभी तीन बोटं तोंडात जात नाहीत, तिखट झोंबतं, गालाच्या आतून ताठ पट्टे हाताला लागतात, तर तो बहुधा सांध्याचा आजार नसून सुपारीने होणारा सबम्युकस फायब्रोसिस आहे. परळलाच डॉ. वसंत खानोलकर आणि डॉ. सत्यवती सिरसाट यांनी या रोगाचा अभ्यास केला होता. त्यातून पुढे कर्करोग होऊ शकतो. महाराष्ट्रात 2012 पासून गुटख्यावर बंदी आहे, सुपारी मात्र कोपऱ्यावरच्या पानवाल्याकडे मिळतेच. अशा तोंडाला 'जबडा धरलाय' म्हणून शेकत बसणं महागात पडतं.

'थांबा' म्हटलं की भीती वाटते, एखादा मोठा आजार निसटला तर? ती भीती रास्त आहे. दादरचा पूल चढताना जबडा दुखतो आणि उभं राहिल्यावर थांबतो, तर आधी ईसीजी काढावा. पन्नाशीनंतर कानशील नव्याने दुखू लागलं, चावताना जबडा थकतो किंवा नजर अंधुक होते, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. विजेच्या झटक्यासारखी क्षणभराची कळ ही नसेची, स्नायूची नव्हे. बाकीच्यांनी मुंबई सेंट्रलच्या नायर दंत महाविद्यालयात किंवा सीएसएमटीजवळच्या शासकीय दंत महाविद्यालयात केसपेपर काढून ओरल मेडिसिन विभागात दाखवावं आणि डॉक्टरांनी गालाचे स्नायू दाबून पाहिले का, एवढं लक्षात ठेवावं.