रॅम महागली, कात्री एसएमपीएसवर

मेमरी बनवणाऱ्या मायक्रॉनने ३ डिसेंबर २०२५ रोजी ‘क्रुशिअल’ हे नाव ग्राहकांच्या बाजारातून काढून घेत असल्याचं जाहीर केलं आणि गेमिंग पीसी बांधायला निघालेल्या पोरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सुतक पडलं. जवळजवळ तीन दशकं घरगुती संगणकांना रॅम आणि एसएसडी पुरवणारं हे नाव. धंदा बसला म्हणून ते बंद होत नाहीये, धंदा फार चालला म्हणून बंद होतंय. एआयच्या डेटा सेंटरांना लागणारी एचबीएम ही मेमरी विकण्यात कितीतरी जास्त पैसा आहे. शिवाय तेवढीच साठवण एचबीएममध्ये बनवायची तर संगणकातल्या साध्या डीडीआर५ रॅमच्या सुमारे तिप्पट वेफर, म्हणजे चिप ज्यांवर घडवतात त्या सिलिकॉनच्या चकत्या, लागतात, हा हिशेब खुद्द मायक्रॉननेच मांडलेला आहे. त्याआधी ऑक्टोबरात ओपनएआयने सॅमसंग आणि एसके हायनिक्स यांच्याशी महिन्याला ९ लाख वेफरपर्यंतच्या मागणीची बोलणी पक्की केली होती. जगातली बहुतेक डीरॅम या तीनच कंपन्यांकडून येते. मग भाव काही महिन्यांत दुप्पट-तिप्पट झाले यात नवल कसलं? साणंदला मायक्रॉनचा प्रकल्प आहे, तेव्हा आपल्याकडे तरी रॅम स्वस्त होईल, अशी आशा काहींनी धरली आहे. तिथे चिपची जुळणी आणि तपासणी होते, मूळ वेफर बाहेरून येतात. तेव्हा ती आशा सोडलेली बरी.

हे सगळं एव्हाना वाचून झालं असेल. माझी काळजी पुढची आहे. बजेट सत्तर-ऐंशी हजारांचं, त्यातले सात-आठ हजार जास्तीचे रॅमने खाल्ले, तर ते भरून कुठून काढायचे? ग्राफिक्स कार्डाला कुणी हात लावू देत नाही, कारण मित्रांना सांगायचं ते त्याचंच नाव. प्रोसेसर बदलला तर मदरबोर्ड बदलावा लागतो. आरजीबी दिवे तर प्रतिष्ठेचा प्रश्न. यादीत खाली एका ओळीत, नाव कुणालाच नीट पाठ नसलेली एक वस्तू उरते: एसएमपीएस, म्हणजे भिंतीतली २३० व्होल्टची वीज संगणकाला पचेल अशी करून देणारा डबा. ‘साधा टाका ना तो’, असं म्हणत कात्री तिथे चालते. कॅबिनेटमध्ये बसवूनच मिळणारा, वर ‘४५० वॉट’ असं ठसठशीत छापलेला डबा मग आत जातो.

एसएमपीएसने गेमचा एकही फ्रेम वाढत नाही, हे खरंच आहे. म्हणूनच तो कुठल्या तुलनेत दिसत नाही, आणि त्याचं स्वस्तपण पहिल्या दिवशी कळत नाही.

डब्याच्या बाजूचा तक्ता वाचायची सवय मात्र दोन मिनिटांत लागते. त्यात १२ व्होल्टच्या रकान्याखाली किती अँपिअर लिहिले आहेत ते बघायचं आणि बाराने गुणायचं. समजा तिथे १८ असतील, तर उत्तर २१६ वॉट. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोघंही जगतात ती याच १२ व्होल्टवर. बाकीचे वॉट ३.३ आणि ५ व्होल्टच्या वाटांवर कागदोपत्री मांडलेले असतात, आजच्या संगणकाला त्यांचा उपयोग नाममात्र. चांगल्या एसएमपीएसवर १२ व्होल्टचा गुणाकार डब्यावरच्या आकड्याच्या अगदी जवळ येतो. दुकानात उभं राहून, आठवीच्या मुलाला जमेल एवढंच हे गणित आहे आणि तरी ते कुणी करत नाही.

टंचाईच्या काळात हाच डबा गिऱ्हाइकाच्या गळ्यात कसा मारला जातो, याचा दाखला ताजा आहे. २०२१ मध्ये ग्राफिक्स कार्डांचा दुष्काळ होता. अमेरिकेत न्यूएग या दुकानाने कार्ड हवं असेल तर सोबत आणखी काही घ्या, अशी जोडविक्री सुरू केली होती. त्या जोड्यांमध्ये गिगाबाइटचे ७५० आणि ८५० वॉटचे एसएमपीएस होते. गेमर्स नेक्सस या चाचण्या घेणाऱ्या मंडळींनी ते तपासले, तर ताण दिल्यावर काही डबे फटाक्यासारखे उडाले. कंपनीने ऑगस्टमध्ये खुलासा केला, अदलाबदलीची सोय केली, आणि जादा भार आल्यावर डबा स्वतःहून बंद पडण्याची मर्यादा १२० ते १५० टक्क्यांवरून ११० ते १२० टक्क्यांवर आणली. पेटीवर तेव्हाही ‘८० प्लस गोल्ड’चं बोधचिन्ह होतंच.

या ८० प्लसवर आपल्याकडे आंधळा विश्वास आहे, म्हणून त्याबद्दल थोडं. हे प्रमाणपत्र २००४ पासून आहे आणि ते एकच प्रश्न विचारतं: आत घेतलेल्या विजेपैकी किती कामाला लागली आणि किती उष्णतेत गेली? निम्म्या भाराला गोल्डची कार्यक्षमता ९० टक्क्यांच्या आसपास असते. डबा उडेल का, व्होल्टेज थरथरेल का, शॉर्टसर्किट झालं तर तो वेळेवर झोपेल का, यातलं काही ते विचारत नाही. आणि चाचणी होते ती २३ अंश सेल्सिअसच्या आसपास. चंद्रपूर, अकोला, जळगावच्या वाचकांनी इथे हसायला हरकत नाही. मे महिन्यात तिकडे बाहेर पंचेचाळीस अंश असतात आणि कॅबिनेटच्या आतली हवा खोलीपेक्षाही गरम असते. डबा गरम झाला की त्याची खरी कुवत घटते. म्हणून पेटीवर ‘४० अंशांना पूर्ण वॉट’ की ‘५० अंशांना पूर्ण वॉट’ असं लिहिलेलं असतं, ते आपल्याकडे बोधचिन्हाहून महत्त्वाचं. सायबेनेटिक्स नावाची दुसरी संस्था जास्त तापमानाला आणि जास्त कसून तपासते. तिचा अहवाल मॉडेलच्या नावाने शोधला की मिळतो.

दुसरी गंमत क्षणिक झटक्यांची. ग्राफिक्स कार्डाच्या कागदावर २५० वॉट लिहिले असले तरी ते सेकंदाच्या अगदी छोट्या अंशासाठी त्याच्या पुष्कळ वर उडी मारतं. २०२० मध्ये आलेल्या आरटीएक्स ३०८० आणि ३०९० या कार्डांनी चांगल्या-चांगल्या डब्यांना अशा उड्यांनी बंद पाडलं होतं. म्हणून २०२२ मध्ये आलेल्या एटीएक्स ३.० या नियमावलीत, ग्राफिक्स कार्डासाठीचा नवा कनेक्टर असलेल्या एसएमपीएसने १०० मायक्रोसेकंदांपर्यंत दुप्पट भार सोसला पाहिजे, अशी अट घातली गेली. गेम ऐन रंगात असताना पडदा काळा होऊन संगणक आपोआप पुन्हा सुरू होतो, तेव्हा बहुतेकजण विंडोजला शिव्या देतात. पुष्कळदा दोष या उडीचा असतो.

वीज या विषयाचं किती हसं होऊ शकतं ते दाखवलं रोमान हार्टुंग या जर्मन माणसाने. ‘डेरबाउअर’ या नावाने तो ओळखला जातो. प्रोसेसर द्रव नायट्रोजनने गोठवून विक्रमी वेगाने पळवणं हा त्याचा मूळ छंद, आता धंदाही. आरटीएक्स ५०९० हे ५७५ वॉटचं कार्ड २०२५ च्या जानेवारीत बाजारात आलं. काही दिवसांतच एका ग्राहकाचा कनेक्टर वितळला. हार्टुंगने ते जळकं कार्ड तपासायला घेतलं आणि मग स्वतःच्या कार्डाच्या तारांना क्लॅम्प मीटर लावला. हिशेब सरळ होता: १२ व्होल्टच्या सहा तारा, एकूण पन्नास अँपिअरच्या आत, म्हणजे प्रत्येकीच्या वाट्याला आठेक. एका पिनची मर्यादा साडेनऊच्या घरात. त्याच्याकडे मात्र एकाच तारेतून २० अँपिअरहून जास्त वाहत होते आणि बाकीच्यांपैकी काही जवळजवळ रिकाम्या बसल्या होत्या. थर्मल कॅमेऱ्यात एसएमपीएसच्या बाजूचा कनेक्टर दीडशे अंशांच्या घरात पोचलेला दिसला.

कारण ऐकून कुठल्याही वायरमनने कपाळावर हात मारला असता. आरटीएक्स ३०९० टीआय या जुन्या कार्डावर सहा तारा दोन-दोनच्या तीन गटांत विभागून प्रत्येक गटाचा प्रवाह वेगळा मोजला जाई. नंतरच्या ४०९० आणि ५०९० वर सहाही तारा आत शिरताच एकत्र जोडल्या गेल्या. मग कुठल्या तारेतून किती वाहतंय हे कार्डाला कळणार कसं? ज्या पिनचा स्पर्श सर्वांत चांगला, तिच्यावर सगळा बोजा. त्याआधी २०२२ मध्ये ४०९० चे कनेक्टर वितळले, तेव्हा एनव्हिडियाने जगभरात सुमारे ५० प्रकरणं असल्याचं सांगून प्लग पूर्ण न खोचल्याकडे बोट दाखवलं होतं. ते अर्धं खरंही होतं. पण लाखोंच्या वस्तूची सुरक्षितता गिऱ्हाइकाच्या अंगठ्याच्या जोरावर सोडणं याला काय म्हणावं! आपल्याकडच्या मिक्सरला ओव्हरलोडचं लाल बटण असतं.

सत्तर-ऐंशी हजारांत बांधणाऱ्याला या विशिष्ट आगीची भीती नाही, हेही सांगून टाकतो. आरटीएक्स ५०६० हे १४५ वॉटचं कार्ड. बहुतेक कंपन्या त्याला जुना आठ पिनांचा कनेक्टर देतात आणि तो दणकट आहे. अशा संगणकाला नावाजलेल्या मॉडेलचा ५५० किंवा ६५० वॉटचा एसएमपीएस पुरतो. ‘पुढे लागेल’ म्हणून हजार वॉट घेणं हा दुसऱ्या टोकाचा वेडेपणा.

खरा धोका आपल्या भिंतीत आहे. जुन्या चाळीत, वाड्यात, गावाकडच्या घरात तीन पिनांचं सॉकेट असतं, पण तिसऱ्या भोकामागे वायर असेलच असं नाही. संगणक चालू असताना कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावल्यावर बारीक झिणझिण्या आल्या तर समजावं की अर्थिंग नाही. एसएमपीएसमधले फिल्टरचे कपॅसिटर ज्या वाटेने गळती सोडतात ती वाटच बंद असते, मग पत्रा अधांतरी राहून निम्म्या व्होल्टेजला जाऊन बसतो. प्रवाह किरकोळ, पण एचडीएमआयची केबल लावता-काढताना तेवढाही पोर्टला पुरे होतो. साठ हजारांचं कार्ड घेणाऱ्याने आधी वायरमनला काही शे रुपये द्यावेत, हे माझं मत मी कुणाकुणाला ऐकवलं आहे. कुणी मनावर घेतलेलं नाही.

यूपीएसचंही तसंच. सहाशे व्हीएचा यूपीएस म्हणजे सहाशे वॉट नव्हेत. आपल्या बाजारातल्या अशा यूपीएसची कुवत साधारण ३६० वॉट असते. मॉनिटरसकट गेमिंग पीसी तिथवर सहज पोचतो आणि वीज गेली की यूपीएस एक शिट्टी मारून तोही जातो. घरच्या इन्व्हर्टरवर संगणक लावला असेल तर इन्व्हर्टरचं बटण ‘यूपीएस’ मोडवर आहे ना ते बघा. दुसऱ्या मोडमध्ये बदल व्हायला जास्त वेळ लागतो आणि तेवढा वेळ कळ काढणं एसएमपीएसच्या आतल्या मोठ्या कपॅसिटरवर येतं. एटीएक्स नियमावलीनुसार त्याने काही मिलिसेकंद तग धरला पाहिजे. फुकटच्या डब्यात तो कपॅसिटर काय मापाचा असतो, ते उघडून पाहिलेल्यांना विचारा.

आता बाकीचं भराभर. कार्ड आधी ठरवा, तेही मॉनिटर बघून. १०८०पीच्या पडद्यावर वीस लाख पिक्सेल असतात, ४केवर त्याच्या चौपट, आणि मधल्या १४४०पीवर सदतीस लाख. आरटीएक्स ५०६० टीआय आणि आरएक्स ९०६० एक्सटी ही दोन्ही कार्डं ८ आणि १६ जीबी अशा दोन रूपांत मिळतात, नाव एकच. नवे भारी गेम १४४०पीवर ८ जीबीत गुदमरतात. नुसता व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक खेळणाऱ्याला ८ पुष्कळ झाले, आणि घरी खरोखर खेळलं जातं ते बहुतेकदा हेच.

प्रोसेसरमध्ये एएमडीचा एएम५ सॉकेट सध्या समंजस वाटतो. २०२२ पासून चालू आहे आणि २०२७ पर्यंत तरी चालवण्याचं कंपनीचं वचन आहे. आज रायझन ५ ७६०० घेऊन चार वर्षांनी त्याच मदरबोर्डवर वरचा प्रोसेसर बसवता येतो. इंटेलचे तेराव्या-चौदाव्या पिढीचे वरच्या श्रेणीतले प्रोसेसर जुन्या बाजारात स्वस्तात दिसतील, पण ते जपून. चुकीच्या व्होल्टेजमुळे ते हळूहळू खराब होत होते. २०२४ मध्ये इंटेलने मायक्रोकोड बदलून दिला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली, पण जे आधीच झिजलं ते सॉफ्टवेअरने परत येत नाही. इथेही शेवटी विजेचीच गोष्ट.

आणि रॅम, जिच्यामुळे हे सगळं सुरू झालं. ३२ जीबीचा हट्ट यंदा सोडा, १६ घ्या. आठ-आठच्या दोन घेतल्या तर दोन्ही चॅनेल चालतात आणि वेग चांगला मिळतो. सोळाची एकच घेतली तर आज काही फ्रेम जातील, पण भाव उतरल्यावर दुसरी जागा भरता येईल. मी दुसरा रस्ता धरेन. चार रॅम बसवून वेग टिकवणं डीडीआर५ला नीट जमत नाही, त्यामुळे आठ-आठ घेणाऱ्याला पुढे दोन्ही विकाव्याच लागतात. बायोसमध्ये जाऊन एक्स्पो किंवा एक्सएमपी चालू करायला विसरू नका. ते केलं नाही तर ६००० च्या रॅमचे पैसे मोजून ४८०० ची वापरत बसाल, आणि असे संगणक शेकड्याने असतील.

दिव्यांचे पंखे आणि समोरची काच सोडून जाळीदार तोंडाचं कॅबिनेट घेतलं, तर एसएमपीएससाठी हवे असलेले दोन हजार तिथेच सुटतात. खोलीचं तापमान दहा अंशांनी चढलं की आतल्या भागांचंही जवळपास तेवढंच चढतं, तेव्हा काचेआडची शोभा विदर्भात तरी परवडत नाही. चांगल्या एसएमपीएसला सात किंवा दहा वर्षांची वॉरंटी असते. या यादीतली प्रोसेसरपासून कार्डापर्यंतची प्रत्येक वस्तू त्याआधी बदललेली असेल.

‘पण जीटीए सहा येतोय, थांबायला वेळ कुठाय,’ असा सूर हल्ली ऐकू येतो. रॉकस्टारने जाहीर केलेली १९ नोव्हेंबर २०२६ ही तारीख फक्त प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्ससाठी आहे. पीसीचा उल्लेख नाही. जीटीए पाच कन्सोलवर सप्टेंबर २०१३ मध्ये आला आणि पीसीवर एप्रिल २०१५ मध्ये. रेड डेड रिडेम्प्शन २ ला एक वर्ष लागलं. तेवढ्या वेळात अर्थिंग नक्की करून होईल.