एका बूथवरची चाळीस मतं

26 फेब्रुवारी 2023, रविवार. पुण्याच्या कसबा पेठ विधानसभा मतदारसंघात त्या दिवशी पोटनिवडणुकीचं मतदान झालं. आधी 27 तारीख ठरली होती, पण बारावीच्या परीक्षांमुळे ती एक दिवस अलीकडे आणली. आमदार मुक्ता टिळक यांचं 22 डिसेंबर 2022 रोजी निधन झाल्यानं जागा रिकामी झाली होती. 2 मार्चला निकाल लागला आणि काँग्रेसचे रवींद्र धंगेकर भाजपच्या हेमंत रासने यांच्यापेक्षा सुमारे 11 हजार मतं जास्त घेऊन निवडून आले. 1995 पासून गिरीश बापट यांनी सलग पाच वेळा आणि 2019 मध्ये टिळक यांनी राखलेली ही जागा. त्यामुळे ‘बालेकिल्ला ढासळला’ असे मथळे राज्यभर झळकले.

मला त्या निकालातलं दुसरंच गणित महत्त्वाचं वाटतं. मतदारसंघात सुमारे 270 मतदान केंद्रं होती. 11 हजारांना 270 ने भागलं की एका केंद्रामागे सरासरी चाळीस मतांचा फरक येतो. मतदार होते पावणेतीन लाखांच्या आसपास, आणि मतदान झालं जेमतेम निम्मं. म्हणजे ज्या केंद्रांवर सरासरी चाळीस मतांनी निकाल ठरला, तिथले सरासरी पाचशे मतदार घरी बसून होते. पोटनिवडणुकीत कार्यकर्ता कशासाठी राबतो, ते या दोन आकड्यांत आहे.

लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या 151क कलमानुसार रिकामी जागा सहा महिन्यांत भरावी लागते, बाकी राज्यात निवडणूक नसली तरी. काही अपवाद आहेत. सार्वत्रिक निवडणुकीत सगळं राज्य ढवळून निघतं. पोटनिवडणुकीत शेजारच्या मतदारसंघात नेहमीचा दिवस असतो आणि सरकार बदलणार नाही हे बहुतेकदा सगळ्यांना माहीत असतं. मतदाराला घराबाहेर आणणारी हवा तयार होत नाही. ती माणसांनी दारोदार जाऊन तयार करावी लागते. त्यात वेळ अपुरा. कसब्यात अर्ज माघारीची मुदत 10 फेब्रुवारीला संपली आणि जाहीर प्रचार 24 तारखेच्या संध्याकाळी थांबला. खरी लढत दोन आठवड्यांची.

या दोन आठवड्यांत कामाला येते ती मतदारयादी. अनुभवी कार्यकर्ता आधी ‘यादी फोडतो’. म्हणजे केंद्राच्या यादीतली नावं वाडा, गल्ली, सोसायटी अशी वेगळी करतो आणि एकेक पान एकेकाच्या हाती देतो. ज्याच्याकडे पान, त्यानं त्यावरची सगळी घरं गाठायची. मयत कोण, दुबार नाव कुणाचं, लग्न होऊन सासरी कोण गेलं, याच्या खुणा करायच्या. पेठांमध्ये हे काम फार अवघड आहे. जुने वाडे पडले, कुटुंबं कोथरूडला, सिंहगड रोडला, धायरीला राहायला गेली, पण कित्येकांची नावं पेठेतच राहिली. ती माणसं फोनवर सापडतात ती ओळखीतून: गणेश मंडळातल्या जुन्या सोबत्याकडून, पूर्वी खालच्या मजल्यावर दुकान असलेल्या काकांकडून. कायद्यानं नाव राहत्या पत्त्यावर असायला हवं, आणि ते तसं करून घेणंच योग्य. पण प्रचाराचे दोन आठवडे उरलेले असताना कार्यकर्त्याला हाती असलेल्या यादीवरच काम करावं लागतं.

मतदानाच्या दिवशीच्या कामाला कार्यकर्त्यांच्या बोलीत ‘मतदान काढणं’ म्हणतात. केंद्रात बसलेला प्रतिनिधी कोण मत देऊन गेलं याची यादीवर खूण करतो. बाहेर, केंद्राच्या ठरलेल्या हद्दीपलीकडे, टेबलावर दुसरी यादी असते. दुपारी दोनच्या सुमारास उरलेली नावं काढली की खरी धावपळ सुरू होते: या घरी पुन्हा जा, त्या आजींना जिना उतरायला कुणीतरी हात द्या, तो मुलगा कामावरून पाचला येतो, त्याला पावणेसहाला गाठा. कसब्यात तेव्हा आणखी एक गोष्ट होती. महापालिकेची मुदत मार्च 2022 मध्येच संपली होती आणि कारभार प्रशासकाकडे होता. नगरसेवक होऊ इच्छिणाऱ्या प्रत्येकासाठी ही पोटनिवडणूक म्हणजे आपल्या गल्लीतली माणसं किती जोडलेली आहेत हे दाखवायची संधी होती. भाजपनंही ताकद कमी लावली नव्हती. आजारी बापट नाकाला ऑक्सिजनची नळी लावून, चाकाच्या खुर्चीवर बसून कार्यकर्त्यांसमोर आले होते.

दारोदार जाणारं कुणी नसेल तर काय होतं, ते मुंबईत त्याआधी चारच महिने दिसलं होतं. अंधेरी पूर्वच्या पोटनिवडणुकीत भाजपनं उमेदवार मागे घेतला, चुरस संपली. 3 नोव्हेंबर 2022 ला तिथं मतदान झालं 31.74 टक्के. ऋतुजा लटके 66,530 मतं घेऊन निवडून आल्या, आणि दुसऱ्या क्रमांकावर कुणी उमेदवार नव्हता, तर 12,806 मतांसह ‘नोटा’ होता.

येल विद्यापीठाच्या ॲलन गर्बर आणि डोनाल्ड ग्रीन यांनी 1998 मध्ये अमेरिकेतल्या न्यू हेवन शहरात सुमारे 30 हजार मतदारांवर दारोदार जाण्याचा परिणाम तपासला होता. काहींना पत्रं पाठवली, काहींना फोन केले, काहींच्या दाराशी माणूस गेला. समोरासमोर बोलल्यानं मतदान ठळकपणे वाढलं, पत्रांनी किंचित, फोननं जवळपास काहीच नाही. आपल्याकडे अजूनही ध्वनिमुद्रित कॉल आणि व्हॉट्सॲपच्या ढिगाऱ्यावर पैसा उधळला जातो. तोच खर्च पन्नास तरुणांच्या चहापाण्यावर केला तर जास्त लोक मत देतील, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

एक सावधगिरी मात्र हवी. उमेदवारातर्फे भाड्याची वाहनं लावून मतदारांना फुकट ने-आण करणं कायद्यानं भ्रष्ट आचरण ठरतं. केंद्राच्या शंभर मीटरच्या आत प्रचार करता येत नाही. मतदाराला द्यायच्या चिठ्ठीवर पक्षाचं नाव किंवा चिन्ह नको. शेजारच्या आजींना स्वतःच्या स्कूटरवरून आपण होऊन घेऊन जाणं याला कुणाची हरकत नाही, आणि अशी मदत पक्षाचा बिल्ला न लावताही करता येते. माझं म्हणणं हेच आहे की ती तशीच जास्त व्हायला हवी. दार वाजवण्याचं काम फक्त पक्षांवर सोडलं, तर ज्यांचं मत आपल्याला मिळणार नाही असं पक्षाला वाटतं, त्यांच्या दाराशी कुणीच जात नाही.

म्हणून तुमच्या विधानसभा किंवा लोकसभा मतदारसंघात पोटनिवडणूक लागली तर पहिल्याच आठवड्यात यादी पाहा. उमेदवारी अर्ज भरण्याची मुदत संपली की नाव घालता येत नाही, आणि नावनोंदणीच्या अर्जाच्या छाननीलाही दिवस लागतात. नवीन नावासाठी नमुना 6, पत्ता बदलण्यासाठी नमुना 8. अडलं तर 1950 वर फोन करा. स्वतःचं झालं की आपल्या इमारतीतल्या प्रत्येक घराची नावं तपासून द्या, आणि मतदानाच्या दिवशी दुपारनंतरचे दोन तास त्यांच्यासाठी मोकळे ठेवा.