गाडीने ‘एअर’ घेतली!

टोमॅटोचे क्रेट भरून निघालेल्या एका जुन्या पिकअप गाडीचे डिझेल वाटेत संपते. ड्रायव्हर कॅन घेऊन जातो, पाच लिटर डिझेल आणून टाकीत ओततो आणि किल्ली फिरवतो. स्टार्टर घरघरतो, पण इंजिन काही सुरू होत नाही. टाकीत डिझेल आहे, बॅटरीही चांगली आहे. मग अडले कुठे? जाणता मेकॅनिक बॉनेट न उघडताच सांगेल, “गाडीने एअर घेतली!”

म्हणजे काय, ते कळण्यासाठी वर्गात एक प्रयोग करून पाहा. इंजेक्शनच्या, सुई नसलेल्या दोन पिचकाऱ्या नळीच्या तुकड्याने जोडा. त्यांत बुडबुडा न राहील असे पाणी भरा. दुसरा दट्ट्या मित्राला घट्ट धरायला सांगून पहिला दाबा. तो हलणारच नाही. आता पाण्याऐवजी नुसती हवा ठेवून तेच करा. दट्ट्या बराच आत जातो आणि सोडताच स्प्रिंगसारखा परत येतो!

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमधली हवा इतकी दाबली जाते की ती ५०० अंश सेल्सियसच्याही वर तापते, आणि तीत डिझेलचा फवारा उडाला की तो आपोआप पेटतो. जुन्या गाडीतला पंप एका वेळी फार तर मुगाच्या दाण्याएवढे डिझेल नळीत ढकलतो. नळीच्या टोकाचा नोझल तर १०० हून अधिक वातावरणांइतका दाब आल्याशिवाय उघडत नाही. नळी डिझेलने भरलेली असली तर एवढ्याशा धक्क्यानेही दाब क्षणात चढतो. नळीत हवा असली तर सारा धक्का ती हवा दाबण्यातच जिरतो. नोझल बंद तो बंदच! ड्रायव्हर किल्ली फिरवत राहिला तर उतरते ती बॅटरी.

म्हणून आधी हवा काढावी लागते. फिल्टरवरचा स्क्रू सैल करून हातपंप मारत राहायचे. प्रथम फेस येतो, मग बुडबुड्यांविना डिझेलची सलग धार येते. तेव्हा स्क्रू आवळायचा. नोझलकडच्या नळ्यांची हवा काढणे मात्र मेकॅनिकवरच सोपवा. तिथला बारीक फवारा कातडी भेदून आत शिरतो. जखम टाचणी टोचल्याएवढी दिसली तरी ताबडतोब इस्पितळ गाठावे लागते.

डिझेल संपले नसतानाही गाडी एअर घेते, हे अधिक चमत्कारिक. टाकीपासून पंपापर्यंतच्या नळीत ओढ असते, म्हणजे आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो. तिथे नळीला चीर पडली तर इंजिन चालू असताना डिझेल बाहेर गळत नाही, उलट हवाच आत शिरते. ओला डाग शोधणारा फसतो तो इथेच. हुशार मेकॅनिक तिथे थोडा वेळ पारदर्शक नळी जोडतो आणि बुडबुडे दिसतात का ते पाहतो.

हाच नियम ब्रेकलाही लागू आहे, आणि तिथे प्रश्न जिवाचा असतो. पायाचा दाब चाकांपर्यंत ब्रेक ऑइल पोहोचवते. ते हवेतला ओलावा शोषून घेते. ‘डॉट ३’ प्रतीचे ताजे ऑइल २०५ अंशांच्या खाली उकळत नाही. पण त्यात शेकडा ३.७ पाणी मुरले की हीच मर्यादा १४० अंशांपर्यंत उतरते. भरलेली गाडी माळशेजसारखा घाट सतत ब्रेक दाबून उतरू लागली की ड्रम तापतात, ऑइल उकळते आणि नळीत वाफ होते. वाफही हवेसारखीच दाबली जाते! पेडल थेट तळाला जाते आणि चाके फिरतच राहतात.

यासाठीच घाट खालच्या गिअरमध्ये उतरतात आणि ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदलतात. तुमच्या घरी अशी जुनी गाडी असेल, तर ते शेवटचे कधी बदलले हे ड्रायव्हरकाकांना जरूर विचारा. पेडल मऊ लागत असेल, तर हवा काढून घेतल्याशिवाय गाडी बाहेर काढू देऊ नका.